विहीणबाईंचं खाजण

"ब्रिटिश मालिका घेऊन अमेरिकेने ती नव्याने करणं, म्हणजे चांगल्या चहात बर्फ आणि सरबत ओतणं!" बर्नार्ड ऑलर्टनसाहेबांनी नाश्त्याच्या टेबलावरून अखिल मानवजातीला सुनावलं. शेवटच्या शब्दाला त्यांनी बिस्किट उंचावलं. पण ते चहात जरा जास्तच भिजलं होतं. त्याचा खालचा अर्धा भाग या मताशी फारकत घेऊन परत कपात पडला.

मानवजातीतर्फे त्या वेळी त्यांची पत्नी मॉरीन एकटीच हजर होती.

"चमचा देऊ?" ती म्हणाली.

स्कार्बी हे यॉर्कशरच्या किनाऱ्यावरचं लहानसं गाव. तिथल्या चर्चच्या हॉलमध्ये दर गुरुवारी नाट्यरसिक मंडळ भरे आणि निवृत्त भूगोलशिक्षक ऑलर्टनसाहेब त्याचे अध्यक्ष होते. या गुरुवारी त्यांचं वार्षिक व्याख्यान होतं, 'मूळ आणि कलम'. उदाहरण दरवर्षीचंच, 'खाजण' ही मालिका. खाजणात, म्हणजे किनाऱ्यावरच्या खारट दलदलीत, पोस्टमनचं प्रेत सापडतं, इन्स्पेक्टर एकाच रेनकोटात सगळे भाग पावसात हिंडतो, आणि खुनी न सापडता मालिका संपते. शेवटी इन्स्पेक्टर नुसता समुद्राकडे बघतो. त्या बघण्याला साहेबांचे डोळे हटकून भरून येत. अमेरिकेने हीच गोष्ट फ्लोरिडाच्या उन्हात नेली, इन्स्पेक्टरला पांढरेशुभ्र दात दिले आणि खुनी पकडून दिला. साहेबांनी ती पाहिली नव्हती. न पाहता त्यांना ती असह्य होत होती.

मुलगी हेलन घरात शिरली ती सूचना घेऊनच. "बाबा, माझ्या होणाऱ्या सासूबाई आज टेक्सासहून येतायत. अमेरिकन 'खाजण' म्हणजे त्यांचा जीव की प्राण. शनिवारी माझं लग्न आहे. तोवर त्या विषयावर अवाक्षर काढायचं नाही."

"मी काय भांडकुदळ आहे?"

"नाही हो. तुम्ही खरं बोलता. ते जास्त वाईट."

विहीणबाई डार्लीन आल्या आणि कोट काढायच्या आधीच त्यांनी साहेबांना कडकडून मिठी मारली. स्कार्बीत मिठी फक्त अंत्यविधीला मारतात, तीही आखडती. चहा पुढे येतो न येतो तोच त्यांनी विचारलं, "व्याहीबुवा, आमचं 'खाजण' बघितलंत की नाही?"

हेलनने डोळे वटारले. साहेबांनी आपल्या वाडवडिलांची सुरक्षित वाट धरली. "नाही हो बघितलं. पण एकदा दाखवाच आम्हाला!"

स्कार्बीत या वाक्याचा अर्थ, विषय संपला. शेजारच्या पिमबाई लग्न होऊन आल्यापासून सगळ्या गल्लीला "या एकदा जेवायला" म्हणत आल्या होत्या आणि आजवर कोणी जाण्याचा आगाऊपणा केला नव्हता. पण विहीणबाई पडल्या टेक्सासच्या. त्या तडक वर गेल्या आणि बॅगेतून डीव्हीडींचा गठ्ठा घेऊन खाली आल्या.

"पहिल्यापासूनच लावते!"

इतक्यात पिमबाई केकचा डबा परत द्यायला आल्या आणि दारातूनच रीतीप्रमाणे म्हणाल्या, "छान दिसतंय हो!"

"मग बसा की!" विहीणबाईंनी उशी सरकवली. पिमबाई डब्यासकट बसल्या.

दुसऱ्या दिवशी लग्नातली भजनं ठरवायला पाद्रीबाबा आले. "वा! वेळ असता तर जरूर बसलो असतो."

"किती वेळ हवाय?" विहीणबाईंनी मनापासून विचारलं.

पाद्रीबाबांना हे आयुष्यात कोणी विचारलं नव्हतं. तेही बसले.

बुधवारपर्यंत दिवाणखान्यात पाय ठेवायला जागा उरली नाही. साहेबांच्या खुर्चीत पिमबाई आणि साहेब पाय ठेवायच्या स्टुलावर. शेवटचा भाग तेवढा बघायचा राहिला होता. शेवटी ते स्वयंपाकघरात घुसले.

"मॉरीन, यांना घालव!"

"दाखवा म्हणून तूच म्हणालास ना?"

"मी तोंडदेखलं म्हणालो होतो गं!"

"मग तोंडदेखलं घालव. सॅंडविचं ने बाहेर."

ते बाहेर आले तेव्हा पाद्रीबाबा विहीणबाईंना सांगत होते, "उद्या साहेबांचं याच मालिकेवर व्याख्यान आहे. तुम्ही यायलाच हवं हं!" तेही अर्थात तोंडदेखलंच होतं.

"मी तर पहिल्या रांगेत!" विहीणबाई म्हणाल्या.

गुरुवारी विहीणबाई पहिल्या रांगेत होत्या आणि हेलन शेवटच्या रांगेत नखं खात होती. मुलीचं लग्न सांभाळावं की आयुष्यभराचं मत, या कात्रीत साहेब उभे राहिले आणि घसा खाकरून म्हणाले, "अमेरिकन आवृत्तीत उजेड भरपूर आहे."

मंडळाला बाण कुठे लागला ते बरोबर कळलं. मंडळ मिशीत हसलं. विहीणबाईंनी टाळ्या वाजवल्या.

"नटाचे दात तर शेवटच्या रांगेपर्यंत पोचतात."

पुन्हा हसू, पुन्हा टाळ्या. हेलनने नखं सोडली. साहेबांना स्वतःचाच हेवा वाटला.

मग दोन्ही मालिकांचे शेवट दाखवायचे होते, अमेरिकन शेवट यंदा प्रथमच, विहीणबाईंच्या डीव्हीडीवरून. आधी मूळ. इन्स्पेक्टरने समुद्राकडे पाहिलं, मंडळाने सवयीने उसासा टाकला. मग कलम. इन्स्पेक्टर भर उन्हात धावला, त्याने झोपडीचं दार लाथेने उघडलं आणि तो ओरडला, "म्हणजे पोस्टमनला तू मारलंस?" खुर्चीतला पाठमोरा माणूस हळूहळू वळू लागला. तेवढ्यात साहेबांनी चित्र थांबवलं.

"तर मंडळी," ते पडद्यापुढे येऊन म्हणाले, "खुनी कोण हे कळावं, ही हलक्या प्रतीची भूक आहे. आपल्याला तिची गरज नाही."

कोणी हललं नाही. मागे चहा आला, केक आला, तरी एक खुर्ची करकरली नाही. या हॉलमध्ये असं कधी घडलं नव्हतं. पाद्रीबाबा स्वतःच्या बुटांकडे बघत होते. पिमबाईंनी श्वास रोखून धरला होता.

"काही प्रश्न?" साहेबांनी विचारलं. प्रश्न एकच होता, आणि तो स्कार्बीत कोणी तोंडाने विचारला नसता.

साहेबांनी पडद्यावरच्या त्या पाठीकडे पाहिलं. मग उगाच टिपणं चाळली. मग परत पाठीकडे पाहिलं.

"केवळ तुलनेसाठी," ते पुटपुटले आणि बटण दाबून, नाक पडद्याला लागेल इतके पुढे वाकून उभे राहिले.

"बर्नार्ड," मागून मॉरीनचा आवाज आला, "जरा बाजूला सरक ना. आम्हाला दिसत नाहीये."