सात नंबरचा पतंग

शून्यासाठी तीन वर्षं झटणाऱ्या माया तायडेला शून्य साठवायची सोय करायचं मात्र सुचलं नव्हतं. भातकुलीजवळच्या कपाशीत तिनं दहा सापळे लावले होते. सात नंबरचा सापळा तिनं स्वतःचा उपाय करून पाहिलेल्या वावरात होता आणि तिथं बोंडअळीचा एकही पतंग येऊ नये, यावरच तिची पीएच.डी. अवलंबून होती. दर सोमवारी गावातल्याच बेबीताई सापळ्यांतले पतंग मोजून, त्यांचे पंख मापून मोबाइलवर मायाच्या प्रोग्राममध्ये भरत.

सादरीकरणाच्या आदल्या दिवशी अकोल्यात तिचे मार्गदर्शक केशवराव सर आकड्यांवर बोट ठेवून म्हणाले, "सात नंबरात दर सोमवारी बरोबर एक पतंग येऊन राहिला. हजेरी लावाले येते काय तो?"

मायानं तिथूनच, स्पीकर चालू करून बेबीताईंना फोन लावला.

"ताई, सात नंबरात खरंच पतंग होता?"

"नाही ना! पयल्या दिवसापासून रिकामा."

"मंग भरला काहून?"

"तुमचा मोबाइलच म्हने, यादी रिकामी आहे, फाईल जतन होत नाही. मी कोनाचं भांडं रिकामं परत करत नाही, मॅडम. तुमची फाईल कशी रिकामी धाडू?"

"अन् पतंग आनला कोठून?"

"सहा नंबरातून उसना घेतला. सगळ्यात बारका. तुमच्या वावरावर जास्त भार नको म्हनून. बेरीज बी जुळते!"

केशवराव सरांनी कपाळावर हात मारला. पण बेबीताईंचा व्यवहार चोख होता. प्रत्येक उसना पतंग त्यांनी मापासकट वहीत लिहून ठेवला होता. मायानं ते सगळे सहा नंबरात परत पाठवले आणि प्रोग्राममध्ये 'पाहिलं, सापडला नाही' अशी नोंद घ्यायची सोय केली. सादरीकरण झकास झालं.

पुढच्या सोमवारी माया भातकुलीला गेली. बेबीताईंनी मागे ठेचा भरून दिलेला डबा तिनं घासूनपुसून परत केला. बेबीताईंनी झाकण उघडून आत पाहिलं.

"रिकामाच?"

"आता रिकामं चालते, ताई. फाईलले समजावलं मी."

"फाईलले चालत असन."

त्या आत गेल्या, डब्यात मूठभर शेंगदाणे टाकून आल्या आणि डबा मायाच्या हातात देत म्हणाल्या, "हं, आता द्या परत."