मनी हजर आहे

"बाबा, मनीचं यंदा काही जमत नाहीये हो," सूनबाई फोनवर म्हणाली. "तिला पोहण्याच्या क्लासला घातलंय. पुढच्या सुट्टीत नक्की पाठवते."

"हो हो, पोहता यायलाच हवं," आजोबा म्हणाले आणि फोन ठेवून कितीतरी वेळ त्या फोनकडेच बघत बसले. नातीसाठी त्यांनी खाटेवर नवी चादर घातली होती. जवळच्या बागेत मुलांचं सुट्टीतलं शिबिर भरणार होतं, तिथं तिचं नावही घालून ठेवलं होतं. मातीचे वाडगे घडवायचे, वाफ्यातला पुदिना-कोथिंबीर खुडायची, त्याचं सूप करायचं आणि शेवटच्या दिवशी आपापल्या वाडग्यातून घरच्या माणसाला वाढायचं, असं ते शिबिर. आता घरचं माणूस तेवढं उरलं होतं, वाढणारी नव्हती.

नाव काढून टाकायला म्हणून ते सकाळी बागेत गेले. दोन शब्दांचं काम! पण शिबिराच्या ताईंनी हजेरी घेताना "मनी?" असं विचारलं आणि 'येणार नाही' म्हणायला आजोबांची जीभ रेटेना.

"उद्या येईल," ते म्हणाले.

"मग तोवर तिची माती तुम्ही मळून ठेवा," असं म्हणून ताईंनी एक एप्रन त्यांच्या हातात कोंबला. एप्रनवर फूल होतं आणि फुलाखाली 'मनी' लिहिलं होतं. तो आजोबांच्या गळ्यात कसाबसा गेला, पोटावर मात्र गाठ बसेना. दुसऱ्या दिवशीही मनी 'उद्या' येणार होती. तिसऱ्या दिवशी ताईंनी "मनी?" म्हटल्यावर शेजारी बसलेली दातपडकी मुलगी ओरडली, "हजर आहे!" सगळी पोरं फिदीफिदी हसली. आजोबांनाही हसू आलं, आणि तेव्हापासून ते मनी झाले.

उभा जन्म वजनमापं तपासण्यात गेलेला. त्यामुळे सुपात 'चिमूटभर' मीठ घाला म्हटलं, की मनी हात वर करायची. "ताई, चिमूट कुणाची? माझी की हिची?" आणि मातीकामात तर आनंदच! पहिला वाडगा त्यांनी भिंतीइतका जाड केला. तो आतून ओलाच राहिला, भट्टीत फुटला आणि जाता जाता दातपडकीच्या वाडग्याचाही कान उडवून गेला. पोरगी दिवसभर बोलली नाही. आजोबांना रात्री जेवण गेलं नाही.

हे सगळं बागेत राहिलं असतं तर ठीक होतं. पण घरी परतताना समोरच्या दारातल्या वहिनींनी त्यांच्या कोपरापर्यंतचा चिखल पाहिला.

"काय हो भाऊ, नात आली वाटतं?"

आजोबांनी मान हलवली. नको तेव्हा मान कशी पटकन हलते बघा!

"बाई गं! छान झालं. माझाही नातू पुढच्या आठवड्यात येतोय," वहिनी म्हणाल्या. त्यांचा नातू गेली काही वर्षं पुढच्या आठवड्यात येत होता.

संध्याकाळी वहिनी मनीसाठी केक घेऊन दारात. "कुठंय पोर?"

"झोपलीय."

दुसऱ्या दिवशी बिस्किटं. "अजून झोपलीय? नात आहे का कुंभकर्ण?"

"मातीकामानं दमते हो," आजोबा म्हणाले, आणि पुरावा म्हणून आपला दुसरा वाडगा दाखवला. वहिनींनी तो फिरवून फिरवून पाहिला.

"वाकडा आहे. पण पाच वर्षांच्या पोरीच्या मानानं..."

"आठ."

"आठ? मग वाकडाच आहे."

आता घरातून आवाज यायला नको? म्हणून आजोबा रोज खिडकीशी उभे राहून मोठ्यानं म्हणायला लागले, "मने, दूध पी बघू! मने, पसारा आवर!" म्हणून झालं की जरा वेळ थांबायचे. घर गप्प. मग स्वतःच पसारा आवरायचे. घरात दुसऱ्या कुणासाठी आवाज चढवावा लागतो, हे ते विसरूनच गेले होते, आणि आता तो चढवणं त्यांना गोड वाटत होतं.

एकदा बोलण्याच्या भरात शेवटच्या दिवसाच्या जेवणाचंही सांगून बसले.

"मी येणार!" वहिनी म्हणाल्या. "मनीच्या हातचं सूप पिणार."

आता सगळी गल्ली म्हणणार, बिचाऱ्याकडे कुणी येत नाही, म्हणून खोटी नात घरात ठेवली होती! लोकांनी हसलेलं एक वेळ चाललं असतं. कीव मात्र आजोबांना नको होती. ताप आल्याचं सांगून घरीच राहायचं त्यांनी ठरवलं. पण आदल्या दिवशी बागेतून निघताना दातपडकीनं हात धरला. "मने, तू नाही आलास तर माझ्याकडून सूप करपेल हं." तिच्या वाडग्याचं पाप डोक्यावर होतंच. जाणं आलं.

शेवटच्या दिवशी बागेत आयाबाबांची ही गर्दी! आजोबा लहानशा स्टुलावर, गुडघे छातीशी घेऊन, पुढ्यात तो वाकडा वाडगा. सगळ्यांसमोर कुणी ना कुणी बसलेलं, त्यांच्या समोरची खुर्ची रिकामी. तेवढ्यात वहिनी आल्या. हातात केसांच्या लाल रिबिनी.

"मनी कुठंय?"

"ही काय आमची मनी!" दातपडकीनं आजोबांकडे बोट दाखवलं.

वहिनींनी एप्रनवरचं फूल पाहिलं. नाव वाचलं. मग कोपरापर्यंतचा वाळलेला चिखल पाहिला. आजोबांची मान इतकी खाली गेली, की हनुवटी फुलाला टेकली. "वहिनी, मी सांगणारच होतो..."

वहिनी समोरच्या इवल्याशा खुर्चीत बसल्या, चमचा घेतला, फुंकर घातली आणि सूप प्यायल्या.

"मने," त्या म्हणाल्या, "मीठ कमी आहे गं."

"मोजून घातलंय," आजोबा पुटपुटले.

"मीठ कुणी मोजून घालतं का, वेडे?" असं म्हणून त्यांनी वाडगा चाटूनपुसून स्वच्छ केला आणि आणखी मागितलं. रिबिनी त्यांनी दातपडकीला दिल्या.

दोघं बरोबरच परतले. आपल्या दाराशी आल्यावर वहिनी थांबल्या.

"भाऊ, पुढच्या शिबिरात आमच्या नातवाचं नाव घालायचं होतं."

"अरे वा!" आजोबांना मनापासून आनंद झाला. "म्हणजे येतोय तो?"

"नाही ना," वहिनी कुलूप काढत म्हणाल्या. "म्हणून तर."