बायकोला आवडलेला आवाज

कॉम्प्युटरमधलं मला सगळं कळतं, हे मी बायकोला लग्न झाल्यापासून सांगत आलोय. ते सिद्ध करायची संधी गेल्या महिन्यात आली आणि तिनेच माझा घात केला!

बायको घरी शिवणकाम करते. दोन्ही हात मशीनवर, लॅपटॉप कपड्यांच्या ढिगात. वेबसाइटवरची गोष्ट वाचायला मान वर केली की टाका चुकलाच! मी म्हटलं, “एवढंच ना? ब्राउझरमध्ये मोठ्याने वाचून दाखवायची सोय असते!” सेटिंगमध्ये गेलो, एक पुरुषाचा आवाज निवडला आणि कॉलर ताठ करून बसलो.

“अय्या, काय भारदस्त आवाज आहे हो!” बायको म्हणाली.

इथवर ठीक होतं. पण आठवड्याभरात घरात माझ्यापेक्षा तोच जास्त बोलायला लागला. मी ऑफिसातून आलो की, “श्श! त्याचं वाक्य पूर्ण होऊ द्या.” त्याचं! चहा मागितला की, “तो बघा, कधी काही मागतो का?” माझ्या अंगाचा नुसता तिळपापड! माझं एक तरी वाक्य हिने आजवर पूर्ण होऊ दिलंय?

मी गुपचूप त्याचा वेग दुप्पट केला. गाडी सुटत असल्यासारखा बडबडू लागला बेटा! मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. बायको मात्र हळहळली, “आज त्याला बरं नाही, वाटतं.” मी तापाने फणफणलो होतो तेव्हा हिने मशीनसुद्धा थांबवलं नव्हतं!

आता काटा काढायचाच. शनिवारी ती गिऱ्हाइकाकडे पडदे द्यायला गेली, तसं मी दार लावून घेतलं आणि त्याच्या जागी बाईचा आवाज बसवला. चालतोय का बघायला बायकोचीच अर्धी राहिलेली गोष्ट लावली.

“ती यायच्या आत सांगून टाक,” बाई गोड आवाजात म्हणाली. “मी फक्त तुझीच आहे!”

दारावर धाडकन थाप पडली. बाहेर सासूबाई!

“जावईबापू, आत कोण बाई आहे?”

“कोणी नाही हो! जरा सेटिंग करतोय!”

“ते ऐकलंच मी!”

दार उघडताच त्यांनी पडद्यामागे पाहिलं, पलंगाखाली पाहिलं, कपड्यांच्या ढिगात छत्री खुपसून पाहिली. तेवढ्यात ढिगातूनच आवाज आला, “लाजू नकोस.” सासूबाई मटकन खाली बसल्या.

नेमकी बायको आली. बाईचा आवाज ऐकला आणि माझ्यावर कडाडली, “त्याला कुठे घालवलंत?”

“त्याला?” सासूबाईंनी कपाळावर हात मारला. “अगं, म्हणजे तुझाही कोणी आहे?”

दोघींना लॅपटॉप दाखवून समजावता समजावता माझी दमछाक झाली. शेवटी मी ओरडलोच, “हो, जळतो मी त्याच्यावर! दिवसभर त्याचंच ऐकतेस! मी काय मेलोय? मी दाखवतो वाचून!”

बायको एकदम विरघळली. “अहो, मग आधी नाही का सांगायचं!”

मी घसा खाकरला आणि जमेल तितका भारदस्त आवाज काढून वाचायला लागलो. सासूबाई मान डोलवत होत्या, मशीन सुरेख पळत होतं. पहिल्यांदाच माझी वाक्यं पूर्ण होत होती!

दुसऱ्या परिच्छेदाला मशीन थांबलं. बायकोने माझ्याकडे मायेने पाहिलं.

“छान वाचताय हो. फक्त तुमचा आवाज बदलायची सोय कुठे असते?”

मी मुकाट्याने सेटिंगमध्ये गेलो आणि त्याला परत घेऊन आलो.