सुंदरीचं कॅल्शियम

रिटायर्ड माणूस, घरात एकटा, हातात कॅल्शियमची बाटली. तुम्हाला वाटलं असेल, आता गुडघ्यांची कहाणी येणार. नाही भैया. मेश्राम काकांचे गुडघे एकदम फिट आहेत. कॅल्शियम कोंबडीसाठी होतं.

काका आमच्या शेजारी राहतात. सगळी नोकरी जबलपूरच्या फॅक्टरीत, इन्स्पेक्शनमध्ये झाली. आलेला माल मापायचा आणि नापास करायचा, हे काम. नोकरी सुटली, सवय नाही सुटली. बारीक मापं घ्यायचा व्हर्नियर अजून शर्टाच्या खिशात असतो. भाजीवाला काकांना बघून भेंडीवर कपडा टाकतो. आईनं एकदा पुरणपोळी पाठवली, तर निरोप आला, ‘माल चांगला, कडेचं फिनिशिंग नाही.’ पोळी मात्र परत आली नाही.

त्यांची नक्कल मी भारी करतो. मान तिरपी, एक डोळा बंद, आणि नाकातून, ‘पास नाही.’ कॉलनीत हिट आहे.

अंगणात तीन कोंबड्या. दोन काकांच्या. तिसरी, सुंदरी, ती काकूंची. काकू दोन वर्षांपूर्वी गेल्या. त्यांनी हिला पिल्लू असल्यापासून हातावर चारून मोठं केलेलं. तर या सुंदरीनं एका सकाळी बिनकवचाचं अंडं दिलं. नुसती पातळ पिशवी, पाणी भरलेल्या फुग्यासारखी. काकांनी व्हर्नियर लावला, तर व्हर्नियर आत घुसला.

कोणी म्हटलं, पोटात चुना कमी पडून राहिला. काकांनी डोकं चालवलं. भेडाघाटला अख्खे डोंगर संगमरवराचे, तोही एक तऱ्हेचा चुनाच ना. स्कूटर काढली, तिथल्या मूर्तीवाल्यांकडून थैलीभर भुकटी आणली, दाण्यात कालवली. आठवडाभर कोंबड्या वरातीला निघाल्यासारख्या तोंडाला पावडर लावून फिरत होत्या. अंडं मऊच.

मग नेपियर टाउनमधला जनावरांचा डॉक्टर. स्कूटर मी चालवली. तिथं बाकावर सगळी मोठ्या घरची कुत्री, आणि काकांच्या मांडीवर बडा फुहारा बाजारातल्या साडीवाल्याची पिशवी, आत कोंबडी. कंपाउंडरनं विचारलं, ‘अंकल जी, डॉगी का नाम?’

‘सुंदरी,’ काका म्हणाले. ‘लिखो. दाना खाती है.’

डॉक्टरनं सांगितलं, ही भुकटी काही कामाची नाही. बाटलीतलं औषध पाण्यात घाला, आणि शिंपल्यांचे जाडे तुकडे वेगळ्या वाटीत ठेवा. पण लवकर करा. असं मऊ अंडं आत अडकलं, तर या वयात कोंबडी वाचत नाही.

येताना काकांनी एकाही गाडीवाल्याला नापास केलं नाही. सिग्नलवर मागून एवढंच म्हणाले, ‘तुह्या काकूची हे एकच राहिली रे.’

आता सुंदरी खाईल तर ना. बाकी दोघींनी शिंपले हाणले, त्यांची अंडी दगडासारखी झाली. ही वाटीकडे बघेना. काकांचा आवाज जन्मभर मशीनवर ओरडून तयार झालेला. ते लाडानं ‘खा’ म्हणाले तरी कोंबडी भिंतीवर चढते. शेवटी सुंदरी पाण्याच्या टाकीमागं जाऊन बसली, पिसं फुलवून, डोळे मिटून. काका वाटी घेऊन समोर उकिडवे.

संध्याकाळी दूधवाल्याचा हॉर्न वाजला, काका गेटवर गेले. मी टाकीपाशी वाकलो. काकूंचा आवाज माझ्याकडे शाळेपासून होता. याच भिंतीवरून त्या मला पोह्याला हाक मारायच्या. त्या गेल्यावर मी तो कधी काढला नव्हता. हसणार कोण त्याच्यावर?

हळूच म्हटलं, ‘ये वं माये, ये. दोन घास खाऊन घे, मंग बस रुसून.’

सुंदरीनं डोळा उघडला. मान बाहेर काढली. मी पुन्हा म्हटलं. डुलत डुलत आली आणि माझ्या तळहातावरचे शिंपले टकाटक टिपायला लागली. पुढच्या आठवड्यात कवचही आलं, पण ते सोडा.

मागं बघतो तर काका. हातात दुधाची पातेली, ती जराशी कलंडलेली, दूध पायावर सांडून राहिलेलं. कोंबडीचं खाऊन होईपर्यंत ते हलले नाहीत.

मी म्हटलं, ‘सॉरी काका.’

मग काकांनी जी सुनावली ना, आई पोळ्या टाकून बाहेर आली.

‘नालायका, साऱ्या कॉलनीत माह्या नकला करत फिरतं. भाजीवाल्याची करतं, टीव्हीवाल्याची करतं. अन् हा आवाज गळ्यात घेऊन दोन वर्षं माह्या शेजारी राहून राहिला? मले एकडाव नाही ऐकवला? काहून रे?’