तात्या जनावर ओळखतात

भर गल्लीत तोंड उघडून दाखवण्याचा मूर्खपणा मी आयुष्यात एकदाच केला, आणि तोही शेजारच्या तात्यांसमोर.

कवळी नवीकोरी होती. मी जेमतेम एकसष्टची पोरगी, अक्कल अजून यायची होती. नगरहून दात बसवून आणले आणि ओट्यावर उन्हाला उभी राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला उगाच हसून दाखवत होते. तात्या आले, थांबले, म्हणाले, "वैनी, जरा आ करा." मला वाटलं, कौतुक करायचंय बिचाऱ्यांना. केला आ. तात्यांनी मान तिरकी करून आत पाहिलं, आणि गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात निकाल दिला, "खालचे ठीक हायेत. पन वरचे कशापायी बसवले? वर कुनाला दात असत्यात व्हय?"

गल्ली हसून हसून आडवी झाली. माझी वरची कवळी रागाने निसटली ती वेगळीच.

तात्या घोडेगावच्या जनावरांच्या बाजारातले जुने हेडी. हेडी म्हणजे बैलांचा सौदा जुळवणारा. बैलाला पुढे वरचे दात नसतात. खालचे पाहूनच त्याचं वय सांगायचं, दुधाचे दात असले तर आदत, दोन पक्के दात आले की दुसा, चार आले की चौसा. सारी हयात यात गेल्यामुळे तात्यांच्या लेखी जगात शरीर एकाच प्रकारचं असतं. काहींना शिंगं असतात, काहींना नसतात, एवढाच काय तो फरक.

दलाली सुटून बरीच वर्षं झाली, पण बाजाराच्या दिवशी तात्या अजून सकाळी फेटा बांधून घोडेगावला जातात. घ्यायचं काही नाही, विकायचं काही नाही. नुसते बैल बघून येतात. येताना चेहरा असा, जसं माहेरपणाला जाऊन आले.

आणि हो, तात्या बसत नाहीत. "बसल्याल्या जनावराला गिऱ्हाईक न्हाई," हे त्यांचं पहिलं आणि शेवटचं शास्त्र. चहा उभ्याने, पेपर उभ्याने, टीव्हीवरची मालिका उभ्याने. एसटीत चढले की ज्येष्ठ नागरिकांची जागा कॉलेजच्या पोराला देतात. "बस बाबा, दमल्याला दिसतोस." पोरगं लाजून चूर होतं आणि तात्या नगरपर्यंत दांड्याला धरून बाभळीसारखे ताठ.

जेवायला मात्र नाइलाजाने टेकतात, आणि मग उठत नाहीत. भाकरीचा एक घास तोंडात घातला की घरातले जेवून, भांडी घासून, पालथी घालून मोकळे होतात, तरी तात्यांचा रवंथ चालूच. पुतणीला बघायला आलेला मुलगा सगळ्यांना पसंत पडला, तर तात्या त्याला अंगणात दोनदा चालायला लावून म्हणाले, "पोरगं गुनाचं हाय, पन मागचे पाय जवळ टाकतंय." मुलगा मागचे पाय शोधत बसला. निरोगी जनावराचं नाक ओलं असतं, म्हणून मला सर्दी झाली की तात्या खूश. मी शिंकून बेजार आणि हे ओट्यावरून ओरडतात, "वैनी, आज तब्येत झकास हाय!"

हसू नका. मला माणसात आणलं ते याच माणसाने. त्या एकसष्टच्या बाईची गंमतच सांगते. तिने आपण म्हातारी झालो असं परस्पर जाहीर करून टाकलं होतं. ओट्यावर प्लॅस्टिकची खुर्ची, गुडघ्यावर हात, आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी "आता आपलं काय राहिलंय." पाण्याचा तांब्या हाताच्या अंतरावर असला तरी सुनेला हाक. तात्या रोज सकाळी त्या खुर्चीपाशी येत आणि काठीने तिच्या पायावर टकटक करून बैल हाकल्यासारखे ओरडत, "हैक! ऊठ! हैक!" शेवटी एक दिवस इतकी चिडले, की त्यांना मारायला उठले. ते पुढे, मी मागे, मारुतीच्या देवळापर्यंत गेलो. देवळापाशी वळून म्हणाले, "चाल चांगली हाय की! उद्या याच टायमाला." तेव्हापासून रोज चालतेय. अजून मारायचं बाकीच आहे.

सगळी गल्ली म्हणायची, तात्यांना शंभरी गाठायचीय. मीही म्हणायचे. स्वतःच्या जिवावर एवढा जीव असलेला माणूस मी दुसरा पाहिला नव्हता.

मग मागच्या पावसाळ्यात सरूअक्का मोरीत पडल्या. अक्का म्हणजे तात्यांची बायको. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, आणि डॉक्टरांनी बजावून सांगितलं, "चालवा त्यांना. आत्ता उठल्या तर उठल्या, नाहीतर कायमच्या अंथरुणावर." चालायला वॉकर आणला. अक्कांनी त्यावर ओलं लुगडं वाळत घातलं.

तात्यांनी चुचकारलं, दटावलं, "हैक" केलं. अक्का म्हणाल्या, "तुमच्या बैलान्ला जाऊन सांगा." शेवटी तात्यांना हुकमी इलाज सापडला. "परतेक जनावराची येसन येगळी असती, वैनी. हिची येसन मिश्रीच्या डबीत हाय." डॉक्टरांनी तंबाखूची मिश्री बंद करा म्हणून सांगितलेलं, पण अक्कांची सकाळ मिश्री घासल्याशिवाय उजाडत नाही. तात्यांनी डबी उचलून खिडकीत ठेवली. पाहिजे तर चालत जाऊन घे. मग खिडकीतून चुलीपाशी, चुलीपासून तुळशीपाशी.

आणि तात्यांची पाठ वळली, की भिंतीपलीकडून बारीक हाक यायची, "कुसुम, ए कुसुम!" मी पळत जायची, डबी आणून हातात द्यायची, घासून झाली की जागेवर नेऊन ठेवायची. एवढ्या दुखऱ्या बाईला छळतो म्हणजे काय! आपण केवढं पुण्य करतोय, या विचाराने मीच फुगले होते.

एकदा तात्यांनी पकडलंच. डबी माझ्या हातात, तात्या दारात. मी उलट त्यांनाच झापलं, "तुम्ही नवरा आहात का हेडी?"

तात्या रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी मला अंगणात, अक्कांना ऐकू जाणार नाही इतक्या लांब नेलं.

"वैनी, मी हिच्यापरीस लई मोठा. माझा बाजार आदी उठनार. पोरगं नाशकाला. न्हेईल, न्हाई म्हनत न्हाई. पन दुसऱ्याच्या दावनीला बांधल्यालं म्हातारं जनावर मी बगितलंय. चारा मिळतो. पाठीवरनं हात फिरवाया कुनी येत न्हाई." फेट्याचा सुटलेला शेव त्यांनी उगाच परत खोवला. "निस्तं मोरीपतुर जाऊन येन्याइतकी चालाया लागली, तरी कुनाच्या तोंडाकडं बगायची येळ येनार न्हाई तिच्यावर. मग मी मरायला मोकळा. रोज सांगतो तिला, सरू, तू चाललीस की मी मरायला मोकळा. पन ऐकंल तर ती सरू कसली!"

मी डबी तुळशीपाशी ठेवली आणि घरी आले.

दुसऱ्या दिवशी हाक आली, मी गेले नाही. पुन्हा आली, कानावर पदर घेतला. त्यानंतर हाक यायची बंदच झाली. मला वाटलं, मिश्री नाही, चालणं नाही, रुसून तशाच पडल्या असतील. पुढचा बाजाराचा दिवस आला, तात्या फेटा बांधून घोडेगावला गेले, तेव्हा मला राहवेना. म्हटलं, जाऊन पाया पडू, वाटल्यास शिव्या खाऊ, पण बघून येऊ.

खाट रिकामी होती. वॉकर भिंतीला टेकलेला, त्यावर लुगडं. मी घाबरून मागच्या दाराने अंगणात धावले.

तुळशीपाशी सरूअक्का उभ्या. वॉकर नाही, काठी नाही. एका हातात डबी, दुसऱ्या हाताचं बोट तोंडात. निवांत मिश्री घासत तुळशीभोवती फेऱ्या चालल्या होत्या, जरा लंगडत, पण झोकात.

"अक्का!" मी किंचाळलेच. "तुम्ही चालता? कधीपासून?"

अक्कांनी पिंक टाकली, पदराने तोंड पुसलं, रस्त्याकडे एक नजर टाकली आणि म्हणाल्या:

"वरडू नगंस, मेले! म्हाताऱ्याला सांगशील तर बघ. 'सरू, तू चाललीस की मी मरायला मोकळा,' असं रोज म्हनत्यात. मग मी कशाला मोकळं सोडू त्यान्ला?"