पाचशे छर्र्यांची कल्हई

डबी उघडून नुसती बघायची, एवढंच माऊलीरावांनी ठरवलं होतं. शनिवारी सकाळी साडेदहाला त्यांनी तसं डायरीत लिहूनही ठेवलं : 'फक्त निरीक्षण.' (खाली दोन रेघा.)

डबी त्यांच्या मुलीची, उत्कर्षाची. पोरगी अकरावीत, बारामतीच्या रेंजवर एअर रायफलचा सराव करायची. रविवारी तिची जिल्ह्याची स्पर्धा होती. चार महिने रोज सकाळची पहिली एसटी पकडून तिनं याच दिवसाची तयारी केली होती. आज जाताना तिनं डबी टेबलावर अगदी मधोमध ठेवली आणि बजावलं, "पप्पा, उद्याचं छर्रं हायती ह्यात. हात लावू नका."

"मी कशाला लावीन?"

"दहावीच्या पेपराआधी माझा कंपास तुमीच तपासला हुता."

(तपासताना त्याचं टोक मोडलं होतं. पण ते मुळातच कमजोर होतं, अशी डायरीत नोंद आहे.)

माऊलीराव भवानीनगरला कारखान्याच्या वजनकाट्यावर कारकून. तीस वर्षं दुसऱ्यांचा ऊस मोजून त्यांचा पक्का समज झाला होता की, मोजल्याशिवाय जगातली कुठलीच गोष्ट खरी नसते. त्यात गेला आठवडाभर ते एका दाढीवाल्या अमेरिकन माणसाचे व्हिडिओ बघत होते. सेमी-ऑटोमॅटिक रायफलला ओतीव गोळी बरी की मुलाम्याची, यावर तो गृहस्थ चाळीस-चाळीस मिनिटं बोलायचा. ओतीव म्हणजे शिसं वितळवून साच्यात ओतलेली. मुलाम्याची म्हणजे वरून तांब्याचा पातळ थर चढवलेली. ओतीव गोळी नळीत शिसं सोडते, नळी घाण होते आणि नेम चुकतो, असं त्याचं म्हणणं. माऊलीरावांना त्यातलं निम्मं इंग्रजी कळलं. उरलेलं निम्मं त्यांनी स्वतःच्या अकलेनं भरून काढलं.

उत्कर्षानं समजावून पाहिलं होतं. "पप्पा, ती दणादण गोळ्या झाडायची रायफल. माझी हवेवर चालती. छर्रा तुरीच्या डाळीएवढा."

"शास्त्र सगळीकडं एकच असतंय."

मग त्यांनी विषय चहाच्या टपरीवर नेला. जत्रेतल्या फुग्यांपलीकडं ज्यांनी बंदूक धरली नव्हती, त्यांचीच मतं सगळ्यात ठाम निघाली.

"ओतीवच भारी. आमचा देव्हाऱ्यातला खंडोबा ओतीव हाय. तीन पिढ्या झाल्या, हाललाय का?"

"मुलाम्याचं तर नावच काढू नका. माझ्या साडूची अंगठी बघा, हिरवी पडलीया."

दोन तास चर्चा झाली. माऊलीरावांनी ओतीवची आणि मुलाम्याची मतं मोजली. बरोबरी झाली.

तर डबी उघडली. पाचशे छर्रे होते. माऊलीरावांनी भिंग घेतलं, पांढरा कागद पसरला आणि एकेक छर्रा तपासला. दोन तासांनी निकाल आला : तीनशे बारा दबलेले, उरलेले पांढरट पडलेले. असल्या मालावर पोरगी जिल्हा जिंकणार? मुलामा पाहिजेच!

आणि तेवढ्यात दारात मोपेड थांबली. "कल्हईऽऽ!"

रसूलभाई महिन्यातून एकदा बारामतीहून यायचे. माऊलीरावांच्या बायकोनं, माधवीनं, पणदऱ्याला बहिणीकडं जाताना निक्षून सांगितलं होतं, "आईनं दिलेलं पितळी पातेलं भाईर काढलंय. तेवढी कल्हई करून घ्या. दुसरं काय बी करू नका."

कोळसे फुलले. पातेलं तापलं. रसूलभाईंनी नवसागर टाकला, धूर उठला. मग कथील फिरवून कापसानं पुसलं आणि काळं पातेलं आतून चांदीसारखं लखलखलं. माऊलीराव बघतच राहिले. मुलामा मुलामा म्हणतात तो हाच की! आतून डबी आणायला त्यांना निमिषभरही लागलं नाही.

"रसूलभाई, ह्यांना बी लावा."

रसूलभाईंनी एक छर्रा चिमटीत धरला. "माऊलीराव, चाळीस वर्सं भांड्यांना कल्हई लावतोय. बंदुकीच्या दाण्याला अजून लावली न्हाय."

"मग आज लावा. नाव हुईल."

"कुणाचं हुईल, त्ये आदी सांगा. ह्ये शिसं हाय. इस्तवाला दम धरत न्हाय."

"अमेरिकेत समदं असंच करत्यात. ओतीव गोळीपरीस मुलाम्याची बरी."

"त्ये अमेरिकेत करत्यात. माझी भट्टी बारामतीची हाय." रसूलभाई हात मागं घेत म्हणाले, "आन् पातेलं वहिनींचं हाय."

"घर माझं हाय!"

"वहिनींना ठावं हाय का?"

माऊलीरावांनी या प्रश्नाची नोंद घेतली नाही. शेवटी रसूलभाई म्हणाले, "बरं, चार दाणं टाकून बघू."

इथं माऊलीरावांची शिस्त आडवी आली. एका मोळीवरून कुणी ट्रकभर उसाचं वजन ठरवतं का? "चारावर काय कळणार? समदं टाका. अनारसा खसखशीत घोळवत्यात, तसं घोळवायचं." आणि रसूलभाई नको नको म्हणेपर्यंत त्यांनी भट्टीवरच्या पातेल्यात डबी उपडी केली.

पहिल्यांदा छर्रे चमकले. मोत्यांसारखे. "बघा!" माऊलीराव ओरडले. मग मोत्यांच्या कडा गेल्या. मग मोती शेजारच्या मोत्याला चिकटले. मग मोतीच उरले नाहीत. पातेल्याच्या तळाशी आरशासारखं तळं साठलं आणि त्यात माऊलीरावांचा चेहरा दिसायला लागला. तो बघण्यासारखा नव्हता.

रसूलभाईंनी पातेलं खाली उतरवलं. तळं गोठून जाड भाकरी झाली. ती त्यांनी चिमट्यानं ठोकून पाहिली. जागची हलली नाही.

"मुलाम्याची गोळी न्हाय झाली," ते शांतपणे म्हणाले. "पर ओतीव झाली. एकच हाय, पर ओतीव हाय."

"आता?"

"आता ह्यात सैपाक करायचा न्हाय. शिसं पोटात जातंय. मजुरी ऱ्हाऊ द्या." त्यांनी भराभर सामान बांधलं. "आन् वहिनींनी इचारलं, तर म्या आज भवानीनगरात आलोच न्हाय."

माऊलीरावांनी बारामतीत चार दुकानांना फोन लावले. छर्रे पुण्याला मिळतील, सोमवारी. मग ते पायरीवर बसले. डायरी उघडली, 'दुर्घटना' असा मथळा लिहिला आणि पुढं पेनच चालेना. पोरीचे चार महिने डोळ्यांपुढं आले. ताप असतानाही ती एसटीत चढली होती.

पाचला उत्कर्षा आली. रिकामी डबी पाहिली, पातेलं पाहिलं, बाप पाहिला.

"उत्कर्षा, चूक झाली," माऊलीराव म्हणाले. हे वाक्य त्यांच्या डायरीत तोवर कधीच आलेलं नव्हतं. "लई मोठी चूक झाली, बाळा."

पोरगी पातेल्यावर वाकली. मग तिचे खांदे हलायला लागले. रडतेय म्हणून माऊलीराव धडपडत उठले, तर ती हसत होती. तिनं सॅकमधून दुसरी डबी काढली. सीलबंद.

"उद्याचं छर्रं हे हायती, पप्पा. त्या डबीत रेंजवरचं टाकाऊ भरलं हुतं. सरांकडनं मागून आणलं."

"टाकाऊ? मग टेबलावर कशाला ठेवलंस?"

"काय तरी ठेवल्याबिगर तुमी माझी सॅक सोडली असती का?"

माऊलीरावांचा जीव भांड्यात पडला. (त्या भांड्यात नव्हे.) पोरीनं आपल्याला पुरतं ओळखलंय, याचा राग यावा की अभिमान वाटावा, हे डायरीत कुठल्या रकान्यात घालायचं याचा ते विचार करत होते, तोच फाटक वाजलं.

"काय हो," माधवीचा आवाज आला, "माझं पातेलं झालं का?"

माऊलीरावांनी एकदा फाटकाकडं पाहिलं, एकदा पातेल्याकडं. मग पोरीच्या कानाशी लागून ते मोठ्या आशेनं कुजबुजले, "पातेलं बी दुसरंच ठेवलं हुतंस ना?"

"न्हाय पप्पा," उत्कर्षानं सॅक खांद्यावर टाकली. "आईच्या पातेल्याला हात लावायची तुमची छाती हुईल, असं वाटलंच नव्हतं."