क्रमांक पासष्ट

पिणं ही माणसाची खासगी बाब असली तरी वाटून पिणं ही सामाजिक जबाबदारी आहे, आणि जबाबदारी म्हटली की समिती आली. एकट्याने बाटली उघडून संपवणाऱ्या माणसाला लोक काय म्हणतात ते मी सांगायला नको. तीच बाटली चौसष्ट जणांत वाटून प्रत्येकाने वहीत गुण लिहिले, की त्याला आस्वाद म्हणतात. हा फरक ओळखूनच आमचं 'उपनगर क्राफ्ट बिअर सहास्वाद मंडळ' स्थापन झालं. मी, अनिरुद्ध, त्याचा सचिव. मंडळाच्या पहिल्या महामेळाव्याचा हा अहवाल.

ज्यांना कल्पना नाही त्यांच्यासाठी: क्राफ्ट बिअर म्हणजे मोठ्या कारखान्याऐवजी छोट्या भट्टीत, थोडी थोडी, मन लावून केलेली बिअर. ('भट्टी' हा शब्द अध्यक्षांच्या सूचनेवरून यापुढे वापरलेला नाही. त्याने पोलिसांची आठवण येते.) सहास्वाद म्हणजे प्रत्येकाने एकेक दुर्मिळ बाटली आणायची आणि सगळ्यांनी सगळ्या चाखायच्या. सुरुवात घाटकोपरला निमेशच्या घरी झाली. सहा माणसं, सहा बाटल्या. दोन तासांत आटोपलं, शेवटी दोघांनी गाणी म्हटली आणि एकाने सोफ्यावर ताणून दिली. निमेश त्याच दिवशी म्हणाला, "यार, मजा आली, पण शिस्त नाही." पुढे तोच अध्यक्ष झाला.

शिस्त आणल्यावर मुलुंडपासून बोरिवलीपर्यंत माणसं येत गेली आणि सदस्यसंख्या चौसष्ट झाली. आता गणित बघा. बाटली तीनशे तीस मिलीची. चौसष्ट जणांत वाटली की प्रत्येकी पाच मिली आणि वर दोन थेंब. त्यासाठी खोकल्याच्या औषधाचं टोपण हे अधिकृत माप ठरलं. चौसष्ट बाटल्यांचे पाच-पाच मिली आणि वरचे थेंब मिळून होतात तीनशे तीस. म्हणजे दिवसभर बसून प्रत्येकाच्या पोटात बरोबर एक बाटली जाते, जेवढी त्याने घरून आणली होती तेवढीच. इतकी चोख समता दुसरीकडे कुठे असेल तर दाखवा. एका बाटलीला सात मिनिटं धरली तर एकूण सात तास अठ्ठावीस मिनिटं लागतात, जेवणाची सुट्टी वेगळी.

जागा मी मिळवली. चारकोपला आमच्या सोसायटीचा हॉल आहे. हॉलच्या अर्जावर कारण निवडायला पाचच पर्याय छापलेत: बारसं, साखरपुडा, हळदीकुंकू, तेरावं आणि आरोग्य शिबिर. मी शेवटच्यावर खूण केली. यात खोटं काही नाही. दारूच्या परवान्यावर सरकारनेच आरोग्य राखण्यासाठी असं म्हटलेलं आहे, आणि परवाना आम्ही रीतसर काढला होता. एकच घोळ झाला. वॉचमनने 'आरोग्य शिबिर' असं फळ्यावर लिहून टाकलं, आणि तिसऱ्या मजल्यावरच्या मथुराबाई सकाळी साडेआठला शुगर तपासायला हजर झाल्या. वय अठ्ठ्याहत्तर. त्यांना मागच्या खुर्चीवर बसवलं आणि नंबर आला की सांगतो म्हणालो.

तयारीसाठी चार समित्या होत्या. ग्लास समिती, तापमान समिती, नोंद समिती आणि क्रम समिती. यातल्या क्रम समितीचं काम सगळ्यात नाजूक. फिकट बिअर आधी की सौम्य आधी, यावर तीन बैठका झाल्या, व्हॉट्सॲप ग्रुप दोनदा फुटला, आणि शेवटी सदस्यांच्या पिनकोडप्रमाणे प्यायचं ठरलं. नोंद समितीची प्रमुख नमिता, कांदिवलीच्या एका बँकेत असते. तिने प्रत्येक बिअरसाठी दहा गुणांचा तक्ता केला. ऐन वेळी शब्द सुचत नाहीत अशी बऱ्याच जणांची तक्रार होती, म्हणून अभिप्रायही तिने इंटरनेटवरून उतरवून आधीच भरून ठेवले. सदस्यांनी फक्त सही करायची होती. वेळ केवढा वाचला.

तर हे सगळं असं सुरळीत असताना ज्युलियस आला.

ज्युलियस वाकोल्याच्या जुन्या गावठाणातला. बावीस वर्षं बेकरीत पाव भाजले, बेकरी बंद पडली, मग अंधेरीतल्या एका छोट्या ब्रुअरीत टाक्या धुवायला लागला. धुता धुता बघत गेला, शिकत गेला, आणि छप्पन्नाव्या वर्षी त्याने मालकाकडे एक टाकी मागितली आणि स्वतःच्या हाताने बिअर केली. मालक म्हणाला, त्या मंडळवाल्यांकडून दहापैकी सात गुण लेखी आण. आणलेस तर ही बिअर आपल्या विक्रीच्या नळावर लावतो, तूच करायचीस. नाही आणलेस तर सोमवारी टाकी गटारात ओत आणि पुन्हा ब्रश हातात घे. हे सगळं ज्युलियसने दारातच उभं राहून सांगितलं. शेजारी रिक्षातून उतरवलेला केग होता, म्हणजे बिअरचं बंद स्टीलचं पिंप, वीस लिटरचं. त्याला ओलं गोणपाट गुंडाळलेलं होतं.

निमेशने केगभोवती एक चक्कर मारली. "अंकल, हे जरा जास्त होतंय."

"जास्त कसं? चौसष्ट जनांना पुरायला नको?"

"पुरली की संपलं ना. आमचा नियम चार वाचा. बिअर दुर्मिळ हवी. आणि याला लेबल कुठाय?"

"लेबल नाय रे. आत बिअर हाय."

अध्यक्षांनी मोठ्या मनाने त्याला सशर्त प्रवेश दिला. क्रमांक पासष्ट, सर्वांत शेवटी. तोवर माणूस रिकामा बसू नये म्हणून तापमान समितीने त्याच्याकडे बर्फ सोपवला. ज्युलियस "चालेल" म्हणाला आणि केग भिंतीला सावलीत लावून ठेवला. जाता-येता तो त्यावरच्या गोणपाटावर पाणी मारत होता. मला ते बघवत नव्हतं, पण पासष्टच्या आधी चौसष्ट येतात हे काही मी ठरवलेलं नाही.

मेळावा नऊला सुरू झाला. पहिल्या अकरा बाटल्या पंच्याहत्तर मिनिटांत झाल्या, म्हणजे वेळापत्रकाहून दोन मिनिटं आधी. बारावी बाटली खुद्द अध्यक्षांची. निमेशच्या मेहुणीने ती परदेशातून स्वेटरमध्ये गुंडाळून आणली होती, आणि तशी बाटली देशात दुसरी नाही असं निमेशने सांगितलं. आता अशी बाटली उघडली तर देशात एकही उरणार नाही. हा मुद्दा सगळ्यांना पटला. बाटली न उघडता फिरवण्यात आली, लेबल मोठ्याने वाचण्यात आलं, आणि तिला दहापैकी साडेनऊ मिळाले. (दिवसातले सर्वोच्च गुण. अर्धा गुण झाकणावरच्या ओरखड्यासाठी कापला.)

विसाव्या बाटलीनंतर पाणी संपलं.

प्रत्येक बिअरनंतर ग्लास विसळावा लागतो, आणि नळाच्या पाण्याला क्लोरिनचा वास असतो म्हणून बाटलीबंद पाण्याचे वीस-वीस लिटरचे दोन जार मागवले होते. एका फेरीला दोन लिटर लागतात. दोन जार म्हणजे वीस फेऱ्या, हे पाचवीतल्या पोरालाही कळतं. पण पाण्याचा विचार ग्लास समितीने केला असेल असं तापमान समितीला वाटलं, आणि तापमान समितीने केला असेल असं ग्लास समितीला. रविवार, जारवाल्याचं दुकान बंद. वाट लागली. चौसष्ट माणसं चिकट ग्लास हातात धरून बसली होती.

तेव्हा नमिता म्हणाली, तिने कुठेतरी वाचलंय, की ग्लास बिअरनेच विसळलेला सगळ्यात उत्तम. कोणत्या बिअरने, असं कोणी विचारलं नाही. सगळ्यांनी भिंतीकडे बघितलं. ज्युलियस त्या वेळी मासळी बाजारातून बर्फ आणायला गेला होता.

नियम स्पष्ट होता. थोडी बिअर ग्लासात घ्यायची, फिरवायची, आणि मधल्या बादलीत ओतायची. बादली शेवटपर्यंत कोरडी होती. (ग्लास समितीने याचं कारण उकाडा असं नोंदवलंय.) तेविसाव्या फेरीला सदस्यांना आपले ग्लास फारच अस्वच्छ वाटू लागले. काहींनी दोनदा विसळले. मुलुंडच्या एका सदस्याने शेजाऱ्याचाही विसळून दिला. मी स्वतः सहा वेळा विसळला. मागच्या खुर्चीवरच्या मथुराबाईंनी नंबर येईना म्हणून स्टीलचं फुलपात्र पुढे केलं. "अनिरुद्धा, सगळ्यांना देताय ते मला पण घाल रे, उपाशीपोटी बसलेय." त्यांनी एक प्यायलं आणि फुलपात्र पुन्हा पुढे केलं. सकाळपासून गप्प असलेला हॉल बोलायला लागला. बोरिवली मुलुंडच्या गळ्यात पडली. दोघांनी गाणं म्हटलं. अध्यक्षांनी तीनदा शांततेचं आवाहन केलं, चौथ्यांदा ते स्वतःच ठेका धरत होते. सव्विसाव्या फेरीला केग संपला. पुढच्या फेऱ्यांना ग्लास रुमालाने पुसले, आणि हॉल पुन्हा शिस्तीत आला.

ज्युलियस बर्फ घेऊन परतला तेव्हा कोणी त्याला काही सांगितलं नाही. दुपारभर तो मन लावून बर्फ फोडत होता. अधूनमधून गोणपाटावर पाणीही मारत होता.

पाच वाजता पासष्ट क्रमांक पुकारला. ज्युलियसने हात धुतले, शर्ट खोचला आणि केगचा नळ उघडला. नुसती हवा आली. त्याने केग हलवून बघितला. मग आमच्याकडे बघितलं.

"कोनी प्याली?"

"कोणी नाही, अंकल," निमेश म्हणाला. "विसळण्यात गेली."

"वीस लिटर?"

"ग्लास चौसष्ट होते ना."

नमिताने तक्ता पुढे ओढला. तिचा आवाज जरा खाली आला होता. "निमेश, सगळ्यांनी घेतलीय यार. सात लिहू या. आठ पण चालतील."

"लिही. मग मिनिट्समध्ये हेही लिही, की मंडळाच्या चौसष्ट सदस्यांनी विसळलेलं प्यायलं. ग्रुपवर फोटोसकट जाईल ते."

मुद्दा बिनतोड होता. चाखलेल्या बिअरलाच गुण देता येतात, आणि विसळणं म्हणजे चाखणं नव्हे. (क्रमांक बाराचा दाखला इथे लागू होत नाही, तिचं निदान लेबल तरी वाचलं होतं.) तरीही अन्याय नको म्हणून अध्यक्षांनी हात वर करायला सांगितले. विसळताना ज्यांच्या घशाखाली बिअर गेली असेल त्यांनी कळवावं. चौसष्टांपैकी शून्य हात वर आले. मीही केला नाही. सचिवाच्या हातात वही असते. लाज वाटली, खोटं कशाला बोलू, पण लाजेसाठी तक्त्यात रकाना नव्हता.

नमिताने लिहिलं: 'नमुना उपलब्ध नाही. गुण शून्य.' खाली शिक्का मारला.

ज्युलियसने कागद घेतला, घडी केली, खिशात घातला. गोणपाट पिळून केगला गुंडाळलं. मग दारात थांबला.

"गुण राहू दे. मला एवढंच सांगा, कशी लागली?"

निमेश आपल्या न उघडलेल्या बाटलीला पुन्हा स्वेटर घालत होता. नमिता खाली बघत होती. मला सांगता आलं असतं. सहा वेळा विसळला होता.

शेवटी मथुराबाईंनी सांगितलं. मागच्या खुर्चीवरून, फुलपात्र मांडीवर ठेवून, चार शब्दांत. ज्युलियस हसला. "थँक्यू, आजी," म्हणाला आणि केग खांद्यावर घेऊन गेला. मथुराबाई मंडळाच्या सदस्य नसल्यामुळे ते चार शब्द इतिवृत्तात घेता आलेले नाहीत.

सोमवारी ती टाकी गटारात ओतली. बुधवारी मी अंधेरीला त्या ब्रुअरीवरून गेलो, तेव्हा ज्युलियस आत टाकी घासत होता. मी हाक मारली नाही.

अहवाल इथे संपतो. दुरुस्त्या पंधरा दिवसांत लेखी कळवाव्यात. जाता जाता एक बाब नोंदवतो. एवढ्या मोठ्या अहवालात पासष्ट बिअर आल्या, पण त्यातली एकही कशी लागली ते यात कुठेही लिहिलेलं नाही. ज्युलियसला तो प्रश्न पडला आणि तो विचारून बसला. तुम्ही चौसष्टांचा भागाकार तपासलात, मेहुणीच्या स्वेटरला हसलात, विसळण्याची मजाही घेतलीत, आणि इथवर आलात. तुम्हाला तो पडला नाही.

मंडळाला अशाच माणसांची गरज आहे. एक जागा रिकामी झाली आहे. तुमचा क्रमांक पासष्ट.